सोळा पूर्णांक आठ दशांश रजा

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्य कचेरीकडून एक फॉर्म येतो, तसा तो त्या वर्षीही आला. चॅपलचा सेक्रेटरी म्हणून तो भरायचं काम माझं. सभासद किती, बाप्तिस्मे किती, अंत्यविधी किती, छप्पर गळतं का, गळत असेल तर कुठे. शेवटच्या पानावर पगारी माणसांची माहिती. आमच्याकडे पगारी माणूस एकच, चॅपलघरातली एर्लिस.

चॅपलघर म्हणजे चॅपलच्या भिंतीला भिंत लावून बांधलेलं छोटं घर. तिथे राहणाऱ्या बाईने बुधवारच्या प्रार्थनेला दार उघडायचं, शुक्रवारी झाडलोट करून पितळ घासायचं, रविवारी पहाटे बॉयलर पेटवायचा आणि बाहेरगावाहून आलेल्या पाळकाला दुपारी जेवू घालायचं. वेल्समधल्या आमच्या ब्लानगार्थ गावाला स्वतःचा पाळक ठेवणं केव्हाच झेपेनासं झालं. खाणी बंद पडल्या, तरणी माणसं गेली. आता दर रविवारी कुणीतरी वेगळा येतो, प्रवचन करतो, चॅपलघरात कोकराचं भाजलेलं मांस आणि भट्टीतली तांदळाची खीर खातो आणि तीनच्या बसने जातो. एर्लिसला हे करत सव्वीस वर्षं झाली होती. घराला भाडं नाही, वर थोडा पगार.

'वर्षभरात किती दिवस रजा घेतली' या रकान्यात मी नेमाने लिहीत आलो होतो, 'रजा नाही, बदली रक्कम दिली.' नाताळच्या आधी आम्ही पंच मंडळी एका पाकिटात थोडे पौंड घालायचो, ते मी स्वतः नेऊन द्यायचो, ती "आभारी आहे" म्हणून घड्याळामागे ठेवायची. घरी परतताना मला फार बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं. देवाच्या घरात काम करणाऱ्या बाईला आपण विसरलो नाही, असं वाटायचं.

त्या वर्षी रकान्याखाली ठळक अक्षरात छापलं होतं की रजेऐवजी रक्कम दिल्याची नोंद चालणार नाही, दिली असल्यास खुलासा करावा.

खुलासा काय करायचा ते कळेना, म्हणून मी तेगवेनला फोन लावला. ती माझ्या बहिणीची मुलगी, शहरातल्या सल्ला केंद्रात बसते. घरमालकाने अनामत बुडवली, मालकाने पगार कापला, असली माणसं दिवसभर तिच्यासमोर येत असतात. मी सगळं सांगितलं.

"मामा, सव्वीस वर्षं?"

मी म्हटलं, अगं, पैसे देत होतो की आम्ही, कधी चुकवले नाहीत.

"तेच तर चुकलं. नोकरी चालू असताना रजा विकत घेता येत नाही. तिला विकायची असली तरी घेता येत नाही. नोकरी संपली आणि रजा उरली, तरच तिचे पैसे करायचे."

मग तिने तिकडेच आकडेमोड केली. कायद्याने वर्षाला पाच पूर्णांक सहा दशांश आठवड्यांची रजा, आठवड्याचे तीन दिवस काम, म्हणजे वर्षाला सोळा पूर्णांक आठ दशांश दिवस. मी विचारलं, आठ दशांश दिवस म्हणजे नक्की केव्हापर्यंत, चहापर्यंत का? ती म्हणाली, वर नेऊन सतरा करा, खाली मात्र आणायची सोय नाही.

बुधवारी प्रार्थनेनंतर मागच्या खोलीत आम्ही पाचही पंच बसलो. पाचांत बोलणारे दोघंच. एक मेरिग, खजिनदार. चाळीस वर्षं खाणीत दगडाच्या पाट्या फोडल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट दिसली की तिचे दोन तुकडे कुठून होतील ते आधी दिसतं. दुसरी नेस्ता, शाळेतली निवृत्त बाई, जिने आमच्यातल्या दोघांना लहानपणी कान धरून उभं केलं होतं.

मेरिगने कायदा नीट ऐकून घेतला आणि लगेच फट शोधली. नोकरी संपल्यावर पैसे देता येतात ना, मग शनिवारी संध्याकाळी एर्लिसला कामावरून कमी करू, सतरा दिवसांचे पैसे देऊ आणि सोमवारी सकाळी परत ठेवू. दरवर्षी एकदा.

"आणि मधल्या रविवारी बॉयलर कोण पेटवेल?" नेस्ता म्हणाली. "तुझा आत्मा?"

एर्लिसने रजा घ्यायची, तिला तसं सांगायचं, आणि सांगायला सेक्रेटरीने जायचं असं ठरलं. नेस्ताने पिशवीतून तीन रंगीत पत्रकं काढून माझ्या हातात दिली. समुद्रकाठच्या खाणावळींची होती ती, न्याहारीसकट. रजा म्हणजे माणूस समुद्रावर जातो, याबद्दल आमच्यात कुणाला शंकाच नव्हती. आमचे बाप खाण बंद असायची तेव्हा तिकडेच जायचे, आम्हीही गेलो, वाऱ्यात कुडकुडत बाकावर बसलो आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी चॅपलघराचं दार वाजवलं. एर्लिस चौसष्ट वर्षांची, बारीक चणीची, हळू बोलणारी. बोलता बोलता हाताने काहीतरी पुसत राहायची सवय. मी कायदा सांगितला, सोळा पूर्णांक आठ दशांश सांगितलं, पत्रकं टेबलावर ठेवली. तिने पत्रकं बघितली, एकावर एक नीट रचली आणि माझ्याकडे सरकवली.

"घ्यावीच लागेल का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कायदाच आहे.

"रजेच्या दिवशी मी कुठे असावं, हे कायद्यात लिहिलंय?"

लिहिलेलं नसावं, मी म्हणालो. घरी राहिलात तरी चालेल.

"घर तर चॅपलला चिकटलंय, गेथिन बाख. मागचं दार उघडलं की मी कामावर." बाख, म्हणजे लहानगा, हे ती मायेने म्हणायची, माझं वय सत्तर असलं तरी. "बरं, दार ओलांडलं, पण हातात झाडू नसला, चाव्या नसल्या, तर मी रजेवर धरायची का कामावर?"

अठ्ठावीस वर्षं मी पोस्टात काढली, लोकांनी मला नाही नाही ते विचारलं, पण असलं कुणी विचारलं नव्हतं. बाहेर येऊन तेगवेनला फोन केला. ती हसली. म्हणाली, रजेत माणूस पाहिजे तिथे जाऊ शकतो, कामाच्या जागीसुद्धा. काम तेवढं करायचं नाही. आणि कारणही सांगावं लागत नाही.

हा निरोप घेऊन मी परत आत गेलो. एर्लिसने मान डोलावली, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि एका रविवारावर बोट ठेवलं.

"हा एक दिवस. बाकीचे सोळा मग बघू."

तो ऑक्टोबरचा दुसरा रविवार होता. तो करादोगांचा रविवार.

करादोगांबद्दल आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पंचाऐंशी वर्षांचे पाळक, कमरेत थोडे वाकलेले, व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना कठड्याला धरणारे. प्रवचन जुन्या रीतीचं, तीन मुद्दे. पहिल्या मुद्द्यात ते तुमच्याशी घरी आल्यासारखे बोलतात. दुसऱ्यात जरा दटावतात. तिसऱ्यात आवाज खाली जातो, इतका की मागच्या बाकावरची माणसं पुढे वाकतात. आणि मग उत्तररंग. बोलता बोलता शब्द सुरावर चढतात, एक वाक्य वर जातं, पुढचं त्याहून वर, आणि शेवटची दहा मिनिटं ते बोलत नसतात, गात असतात. ठरवलेली चाल नसते, पेटी नसते, देवाचं नाव आणि म्हाताऱ्या माणसाचा गळा. याला आम्ही 'हुइल' म्हणतो. जहाजाच्या शिडात वारा भरतो तसं ते. मी लहान होतो तेव्हा प्रत्येक पाळकाला ते यायचं, आता वेल्सभर शोधलं तरी चार-पाच उरले असतील. मी त्याच्यावर जगलो आहे, असं म्हटलं तरी चालेल. बायको गेली त्या वर्षी करादोगांच्या एका उत्तररंगाने मला परत माणसांत आणलं.

आमच्याकडे ते वर्षातून दोनदा यायचे. उन्हाळ्यात त्यांचं पत्र आलं होतं की आता प्रवास होत नाही, ऑक्टोबरची फेरी शेवटची.

आणि एर्लिसला नेमका तोच रविवार हवा होता.

गावात बातमी पसरायला दुपार पुरली. ती कुठे जाणार, याचा अंदाज करण्यात सगळे गुंतले. कुणी म्हणालं, लिव्हरपूलला बहीण आहे ना तिची. कुणी म्हणालं, बहीण वारली, मेहुणा आहे, आणि मेहुणा विधुर आहे. मेरिगचं म्हणणं असं की करादोगांनी सव्वीस वर्षांत एकदाही खीर आवडली म्हणून सांगितलं नाही, त्याचा हा राग. कापडवाल्याकडे तिने हॅटसाठी नवीन फिती विचारल्या, हेही कळलं, त्यामुळे मेहुण्याची बाजू वरचढ झाली. मला स्वतःला झोपताना, दाढी करताना, बसची वाट बघताना तेवढंच सुचत होतं. जी बाई कधी काही मागत नाही, ती मागते, आणि बरोबर असा दिवस मागते की मागणं आमच्या जिव्हारी लागावं. का?

पंच पुन्हा बसले. तेगवेनने मला आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि मी ती प्रामाणिकपणे सगळ्यांपुढे ठेवली: रजा नाकारता येत नाही, पण वेळेत कळवलं तर अमुक एक तारीख नाकारता येते. मेरिगला तेवढं पुरे होतं. शेवटच्या फेरीला आलेल्या माणसाला आम्ही डब्यातलं सूप पाजायचं का, असं तो म्हणाला. तिला दुसरा कुठलाही रविवार देऊ, हवे तर लागोपाठ चार. नेस्ता विरुद्ध होती. हात वर झाले, तीन विरुद्ध दोन. तिसरा हात माझा होता. करादोगांचा शेवटचा दिवस नीट पार पडावा, यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं, पण हात माझाच होता.

मी पत्र टाइप केलं. त्याच्यासोबत मेरिगने एक पाकीटही दिलं. रजेबद्दल नव्हे, असं त्याने दोनदा बजावलं, सदिच्छा म्हणून.

शुक्रवारी मी गेलो तेव्हा एर्लिस चॅपलमध्ये दिव्यांचं पितळ घासत होती. मी पत्र काढलं नाही, आधी पाकीट पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. फडक्याची घडी केली, बाकावर बसली, आणि मलाही बसायला सांगितलं.

"तुम्ही मोठ्या बाकावर बसता," ती म्हणाली.

मोठा बाक म्हणजे व्यासपीठाच्या पायथ्याशी पंचांची जागा. आमचं तोंड पाळकाकडे, पाठ लोकांकडे. मी म्हटलं, हो, बावीस वर्षं झाली.

"म्हणून तुम्हाला माहीत नाही. बाकी सगळ्यांना माहीत असेल, पण ते त्यांच्या डोळ्यांच्या सवयीचं झालंय. तिसरा मुद्दा संपत आला की मी उठते. बाजूच्या दाराने घरात जाते. मांस काढून ठेवावं लागतं, बटाटे गाळावे लागतात, मांसाच्या रसाची आमटी करावी लागते. पाळकाला तीनची बस असते." ती थांबली. "सव्वीस वर्षांत मी एकाही प्रवचनाचा शेवट ऐकलेला नाही. करादोगांचा तर नाहीच. भिंतीतून सूर येतो. शब्द येत नाहीत."

दर रविवारी तो शेवट प्यायला मिळावा म्हणून मी आठवडा काढत होतो, आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागे ही बाई उठून जात होती. बावीस वर्षं. मी एकदा मान वळवली असती तर दिसलं असतं.

"मला कुठे जायचं नाहीये," एर्लिस म्हणाली. "इथेच बसायचंय. सगळं संपेपर्यंत."

पत्र मी खिशातच ठेवलं, पाकीटही. घरी न जाता सरळ मेरिगकडे गेलो. तो अंगणात कोबीला माती लावत होता, नेस्ता फाटकाशी उभी राहून त्याच्याशी मतावरून वाद घालत होती. ऐकून त्याने फावडं मातीत रोवलं आणि त्याच्या दांड्यावर हनुवटी ठेवली. मग विचारलं की मंद आचेवर ठेवलं तर कोकराचा तुकडा किती वेळ राहतो. नेस्ता म्हणाली, भल्या पहाटे ठेवला तर दीडपर्यंतही काही होत नाही. दीडला जेवू, मेरिग म्हणाला, आणि पाळकसाहेबांना मी गाडीने सोडतो, बसची घाई नको. म्हणजे कुणालाच उठायला नको. इतकं सोपं होतं ते, आणि सव्वीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

रविवारी चॅपल भरलं. एरवी तीस डोकी, त्या दिवशी शंभरावर, तीन दऱ्यांतून माणसं आली होती. मांस नेस्ताने पहाटेच भट्टीत ठेवलं होतं, बॉयलर मी पेटवला, त्याचा काळा डाग माझ्या बाहीवर होता. एर्लिस पुढच्या दाराने आली, पाहुण्यासारखी. हॅटला निळी फीत. चौथ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून बसली आणि हात मांडीवर ठेवले. हातांना काय करावं ते कळत नव्हतं, बोटं एकमेकांना पुसत होती.

आम्ही गायलो. प्रार्थना झाली. करादोग कठड्याला धरून वर चढले आणि त्यांनी बायबलमधलं वचन वाचलं: याकोब रात्रभर कुणाशी तरी झुंजतो आणि पहाटे म्हणतो, आशीर्वाद दिल्याशिवाय मी तुला सोडणार नाही. पहिला मुद्दा, झुंजणारा एकटा होता. दुसरा मुद्दा, झुंजताना तो लंगडा झाला. तिसरा, आणि त्यांचा आवाज खाली गेला, त्याचं नाव बदललं. लोक पुढे वाकले. मी डोळे मिटून घेतले. आता.

पण वारा भरेना.

करादोग म्हणाले, त्याचं नाव बदललं. थांबले. नावाबद्दल आणखी थोडं बोलले, चांगलंच बोलले, पण जमिनीवरून. मग पुन्हा, त्याचं नाव बदललं. मी डोळे उघडले. वय झालं, असं मला आधी वाटलं, आणि शेवटच्या दिवशीच हे व्हावं याचं वाईट वाटलं. तिसऱ्यांदा ते त्याच वाक्यावर आले तेव्हा मला त्यांची नजर दिसली. लोकांकडे बघता बघता ती एका बाजूला जायची, परत यायची, पुन्हा जायची. कशाची तरी वाट बघणाऱ्या माणसाची नजर.

पंचाने मागे वळून बघायचं नसतं. मी वळलो. त्यांची नजर जात होती ते बाजूचं दार होतं, चॅपलघराचं.

सज्ज्यावरचं घड्याळ आमच्याकडे कित्येक वर्षं बंद आहे. करादोग हातात घड्याळ घालत नाहीत. तिसरा मुद्दा केव्हा आटोपायचा, हे त्यांना इतकी वर्षं त्या दारानेच सांगितलं होतं. बाई उठली, दार लागलं, की त्यांचा श्वास मोठा व्हायचा. त्यांनाही बहुधा हे ठाऊक नसेल, निदान शब्दांत तरी नसेल. आज बाई उठत नव्हती, दार लागत नव्हतं, आणि म्हातारा त्याच उंबऱ्यावर उभा होता.

मला हे समजलं त्याच क्षणी मी चौथ्या रांगेकडे बघितलं. एर्लिसलाही समजलं होतं. तिचा चेहरा उतरला होता, हात पुढच्या बाकाच्या पाठीवर गेला होता. ती उठायच्या बेतात होती.

मी उठलो. मोठ्या बाकाचं छोटं दार करकरलं, मेरिगने माझा कोट ओढला, मी तो सोडवून घेतला. मधल्या वाटेने चौथ्या रांगेपाशी आलो आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा," मी म्हटलं. "तुम्ही रजेवर आहात."

मग आडवा जाऊन बाजूचं दार उघडलं, पलीकडे गेलो आणि ते लावून घेतलं. जरा जोरातच.

चॅपलघराच्या स्वयंपाकघरात भट्टीची ऊब होती. मी तिथे मधोमध उभा राहिलो. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग भिंतीतून एक लांब स्वर आला, खालून, आणि चढला. त्याच्यावर दुसरा. मी भिंतीला कान लावला. तिने सांगितलं तसंच होतं, सूर येत होता आणि शब्द येत नव्हते. याकोबाला आशीर्वाद मिळाला की नाही, त्याने काय म्हटलं, देवाने काय म्हटलं, काही कळत नव्हतं. पाणी खडकावरून पडतं तसा नुसता आवाज, वर, आणखी वर. एका क्षणी शंभर माणसं एकदम 'आमेन' म्हणाली आणि फळीवरच्या बशा थरथरल्या. मी मांस काढलं, त्यात अंगठा भाजून घेतला. बटाटे गाळले. रसाची आमटी करताना पिठाच्या गाठी झाल्या, त्या काट्याने फोडत बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, भाजल्यामुळे म्हणा.

दीडला टेबलाशी चौघं होते. करादोग, मेरिग, नेस्ता, आणि पाहुण्याच्या खुर्चीत एर्लिस, हॅट अजून डोक्यावर. वाढायला मी. मांस कापताना मेरिगने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पाटीचा दगड उलटा धरलाय. एर्लिस एकदा सवयीने उठायला गेली, नेस्ताने तिला नजरेनेच खाली बसवलं.

करादोगांनी दोन घास खाल्ले आणि तिच्याकडे वळले. मी चॅपलमधून उठल्यानंतर त्यांना काय ते उमगलं होतं, ते म्हणाले, आणि त्यांना फार ओशाळं वाटत होतं. इतकी वर्षं या घरात जेवलो आणि जेवण कुणी कधी काढलं, ते मनात आलं नाही. मग त्यांनी विचारलं, शेवट कसा वाटला. शेवटच्या फेरीचा शेवट होता, तेव्हा खरं सांगा.

एर्लिसने काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"सुंदर होता," ती म्हणाली. "पण तुम्ही याकोबाला सकाळीच सोडून दिलंत. मी त्याला घरापर्यंत नेते."

कुणाला कळलं नाही. मी आमटीचं भांडं हातात घेऊन उभा होतो.

तिने हळूहळू सांगितलं. तीन मुद्दे ऐकून मधेच उठायचं आणि बटाटे गाळायचे, हे पहिल्या वर्षी फार जड गेलं. मग गाळता गाळता ती शेवट स्वतःच रचू लागली. भिंतीतून येणाऱ्या सुरावर आपले शब्द घालायचे. प्रत्येक प्रवचनाचा, प्रत्येक पाळकाचा. सव्वीस वर्षं, दर रविवारी एक. कुणाला सांगायचं नव्हतं, सांगण्यासारखं वाटलंही नव्हतं. यंदा कायदा आला म्हणून तिला बघायचं होतं की खरा शेवट आपल्यापेक्षा किती वेगळा असतो.

"किती वेगळा होता?" करादोगांनी विचारलं.

"तुमचा उंच जातो. माझा लांब जातो."

म्हाताऱ्याने हातरुमालाने ओठ पुसले. खुर्ची थोडी मागे घेतली, वळवून तिच्याकडे तोंड केलं, आणि एरवी मला फक्त मोठ्या बाकावर मिळणारी शांतता त्या स्वयंपाकघरात आली.

"मग घरापर्यंत न्या त्याला," ते म्हणाले. "मला आज बस नाहीये."

एर्लिसने मेरिगकडे बघितलं, नेस्ताकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, हे कामात धरत नाहीत, तेगवेनला विचारायची गरज नाही.

तिने सुरुवात केली, बटाट्यांच्या वाडग्याकडे बघत. याकोब लंगडत निघाला. ऊन वर आलं होतं. घरी बायका होत्या, पोरं होती, रागावलेला भाऊ वाटेत होता, आणि त्याला आता आपलं नवीन नाव सगळ्यांना सांगायचं होतं. ती अगदी साधं बोलत होती, दूध आणायला निघालेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. पण चौथ्या-पाचव्या वाक्याला तिचा आवाज थोडा उचलला गेला. तिच्या ते लक्षात आलं नाही. आमच्या आलं. पुढचं वाक्य त्याहून वर गेलं, लंगडत, एकेक पाऊल टाकत, आणि करादोगांनी डोळे मिटून घेतले.

मी भांडं खाली ठेवलं आणि दाराशी जमिनीवरच बसलो. या वेळी शब्द ऐकू येत होते.